अप्पांची बोटं

अप्पांनी पहिल्याच भेटीत माझ्या कुर्त्याची बाही धरली. न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला आमच्या शेजारी राहणाऱ्या सायलीचे ते वडील, इचलकरंजीहून नुकतेच आलेले. मी नमस्काराला वाकले, तर आशीर्वादाच्या आधी बाहीची कड चिमटीत चोळून झाली. "कॉटन म्हणून घेतलंस काय पोरी? निम्मं पॉलिएस्टर हाय. घाम आला की अंगाला चिकटतंय बघ."

मला राग आला. पण चिकटायचं खरं.

चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात काढलेला माणूस. माझ्या नवऱ्याचा 'लिनन'चा शर्ट त्यांनी व्हिस्कोसचा ठरवला. समोरच्या गोऱ्या आजोबांच्या मेरिनो स्वेटरला हात लावून "मेंढी लई गुणाची" म्हणाले. सायलीनं भाषांतर केल्यावर आजोबा खूश होऊन म्हणाले, "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास'. सायली लाजून अर्धी झाली होती. मला मात्र अप्पांनी कापड ओळखायला शिकवलं. "डोळं मिटायचं. डोळं रंगाला भुलत्यात."

मग अप्पांना कॅन्सर निघाला. केमोनं बोटांची टोकं बधिर झाली, शर्टाची बटणं लागेनात. मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट, म्हणून ते मलाच विचारायचे, "बोटं परत येत्यात न्हवं?" "येतात अप्पा, वेळ लागतो," मी म्हणायचे. त्यांच्या बाबतीत आशा फारशी नव्हती, हे मला ठाऊक होतं.

सायलीचे दिवस भरत आले. बाळाचं पहिलं दुपटं अस्सल सुताचं आणि आपण पारखलेलंच हवं, हा अप्पांचा हट्ट. बाळाला वापरून मऊ झालेलं कापडच बरं, म्हणून मी त्यांना जुन्या वस्तूंच्या ऑप शॉपमध्ये नेलं. एक पिवळं कापड त्यांनी डोळे मिटून कितीतरी वेळ चोळलं.

"सूत. हाय न्हवं?"

माझ्या बोटांना ते पॉलिएस्टरसारखं गुळगुळीत लागलं. पण त्यांचा चेहरा बघून जीभ रेटेना. "सूतच, अप्पा."

घरी आल्यावर त्यांनी काडेपेटी मागितली. दोरा जाळून बघणं हे त्यांच्या लेखी नवशिक्याचं काम. सुताची राख होते. या दोऱ्याची काळी, टणक गोळी झाली.

"मला न्हाई कळलं, ते जाऊ दे. तुला कळलं हुतं."

मी काडेपेटी उचलून ठेवली.

"मग बोटं बरी हुणार म्हणतीस, ते बी असंच?"

मी मान खाली घातली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"दुपटं तूच आण," ते म्हणाले. "माझ्यानं आता न्हाई व्हायचं."

मी आणलं. बाळ यायच्या आधीच अप्पा गेले. बोटांचं त्यांनी विचारलं होतं त्याचं उत्तर मी शेवटपर्यंत दिलं नाही.