थोरल्या दिरासमोरची साक्ष

मार्चमधला दुसरा सोमवार. वडिलांच्या खिशात सहाशे रुपये, वकिलांना द्यायच्या राहिलेल्या फीचे. औरंगाबादच्या जिल्हा न्यायालयात आमच्याकडून वडील, वकील आणि मी. समोर भावकीतले चुलते आणि त्यांचे वकील.

वाद गाडीवाटेचा होता. गंगापूरकडच्या आमच्या शेतातला ऊस चुलत्यांच्या रानातून बाहेर निघायचा. त्यांनी वाटेवर काटे टाकले. ‘दोन सालांमागं मेहरबानी म्हणून जाऊ दिलं,’ असं त्यांचं म्हणणं. गंगापूरच्या न्यायाधीशांनी वाट आमच्या जुन्या वहिवाटीची ठरवली, ती मुख्यतः एका साक्षीवरून. साक्ष चुलत्यांच्याच विधवा भावजयीची होती. लग्न होऊन आल्यापासून, पंचवीस वर्षं, या काकूंनी आमच्या गाड्या तिथून जाताना पाहिल्या होत्या.

चुलत्यांनी अपील केलं. त्यांच्या वकिलांनी काकूंचा जबाब वाचून दाखवला. “सुरुवातीच्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही, साहेब. पढवलेलं विसरली.”

कागदावर तसंच दिसत होतं. वडील माझ्या कानाशी म्हणाले, “गेली वाट. ऊस काय आता डोक्यावर वाहायचा?”

न्यायाधीशांनी पान उलटलं. “पुढचा शेरा वाचला नाहीत?” मग स्वतःच वाचला. प्रतिवादी, म्हणजे चुलते, समोर उभे असताना साक्षीदार पदर ओढून गप्प राहते. त्यांना मागं बसवल्यावर सगळ्या प्रश्नांची सरळ उत्तरं देते.

“पुरावा नव्यानं तपासायचा अधिकार मला आहे,” ते म्हणाले. “पण मी कागद वाचतोय. गंगापूरच्या न्यायाधीशांनी ती बाई बोलताना पाहिली. बाकीचा पुरावाही तिच्या बोलण्याशी जुळतो. मग त्यांचं मत मी कशासाठी बदलू?”

अपील खर्चासह फेटाळलं, म्हणजे आमचा कोर्टखर्चही चुलत्यांनी द्यायचा.

बाहेर आमचे वकील चिडले. “त्या दिरासमोर बोलत नाहीत, हे मला आधी का नाही सांगितलं?”

“त्यात सांगायचं काय?” वडील म्हणाले. “थोरल्या दिरासमोर कोण बोलतंय?” त्यांनी वकिलांना सहाशे रुपये मोजून दिले आणि दुसरा चहा मागवला. एरवी ते एकावरच थांबत.

पंधरवड्यानं काकू आमच्या अंगणात आल्या. चुलते लांब बांधावर पाठमोरे उभे होते. काकूंनी वडिलांच्या हातावर खर्चाचे दोनशे पंच्याऐंशी रुपये ठेवले.

“दिरांनी दिलेत. मोजून घ्या, भाऊजी.”

“घरात काही बोलले का, वहिनी?”

“आठ दिवस जेवण सुनंच्या हातून मागितलं. मग मलाच म्हणले, भाकर वाढ.”

साक्षीला गंगापूरला गेल्या तेव्हाचं एसटीचं भाडं त्यांनी घेतलं नव्हतं. पैसे घेऊन बोलली, असं लोक म्हणतील म्हणून. वडिलांनी आता पुन्हा विचारलं.

“आता द्या, निकाल लागलाय,” काकू म्हणाल्या.

जाऊन-येऊन आठ रुपये झाले होते. वडिलांनी त्या दोनशे पंच्याऐंशीतूनच ते काकूंना दिले.