ट्रेबल कोणी उतरवला?

माझ्या थोरल्या भावाला सगळे करंट म्हणतात. तरुणपणी बँडमध्ये असताना ओल्या स्टेजवर अनवाणी उभं राहून त्याने इलेक्ट्रिक गिटारला हात लावला आणि सणसणीत झटका खाल्ला. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न काय, तर "गिटारला काही झालं नाही ना?" आई म्हणायची, ह्याला अक्कल वाटत होते तेव्हा नेमकी वीज गेली होती.

बँड सुटला तो पाठीच्या दुखण्याने. गिटारचा आवाज मोठा करणारे कपाटाएवढे ॲम्प उचलून उचलून मणका सरकला, तेव्हा त्याने ॲम्प विकले आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. गिटारची वायर एका लहान डबीत जाते आणि डबी कॉम्प्युटरला जोडलेली असते. तारांचा मूळ आवाज अगदीच किरटा, पत्र्याच्या डब्याला रबर ताणून छेडावं तसा. दादा स्क्रीनवरची बटणं फिरवतो आणि त्याच आवाजाला गुरगुर येते, घुमारा येतो, वजन येतं. ठिकठिकाणचे गिटारवाले आपलं कोरडं वाजवलेलं त्याच्याकडे पाठवतात आणि तो त्यावर असा आवाज चढवून देतो. ह्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. हे मी बहीण म्हणून सांगत नाहीये. बहीण म्हणून विचारलंत तर मी बरंच वेगळं सांगेन.

कामाची पद्धत ठरलेली. दादा आवाज बसवणार, आतूनच "झालं!" म्हणून ओरडणार आणि चप्पल घालून फेरी मारायला निघून जाणार. शेवटची फाइल काढून स्टुडिओला पाठवायचं काम वहिनीचं. असलं किरकोळ काम करायला कलावंताला कमीपणा वाटतो ना.

मध्यंतरी वहिनी तिच्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी सांगितल्याप्रमाणे बटण दाबलं, फाइल पाठवली आणि मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाल्याचा फोन आला. एरवी गोड बोलणारा माणूस, पण चांगलाच तडकला होता.

"करंट, हे काय पाठवलंस? कानात सुया टोचतात. गायिका हेडफोन आपटून निघून गेली. नेहमीसारखा मऊ आवाज दे, नाहीतर अख्खा अल्बम दुसऱ्याला देतो."

दादा माझ्यावर तुटून पडला. "कशाला हात लावलास तू?"

"मी नुसतं पाठवलं. तुझ्या बटणांना हात लावायला मला काय वेड लागलंय?"

"मग नेहमीचा आवाज गेला कुठे?"

खात्री करायला त्याने मागची कामं उघडली. एक उघडलं, दुसरं उघडलं, मग भराभर सगळीच उघडली. आवाजाची धार वाढवायचं जे बटण असतं, ट्रेबलचं, ते प्रत्येक कामात त्याने ठेवलं होतं त्याच्या बरंच खाली होतं. आपण कुठलं बटण कुठे ठेवलं हे दादा झोपेतही सांगेल.

वहिनी परत आली तेव्हा तिला बॅगसुद्धा खाली ठेवू दिली नाही त्याने. "माझ्या पाठीमागे माझा ट्रेबल कोण उतरवतं?"

मला वाटलं, ती कानावर हात ठेवेल. ती म्हणाली, "मी."

मग ती खुर्चीवर बसली. "वर्ष होत आलं. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो टीं टीं करतो. तुम्ही त्याच्यासमोर उभं राहून पाणी पीत होतात. मी आतून म्हटलं, अहो, दार लावा, कधीचा ओरडतोय तो. तुम्ही म्हणालात, कोण ओरडतंय? तेव्हा मला शंका आली. मग तुमची कामं नीट ऐकली. धार वाढतच चालली होती. तुम्हाला ऐकू येईना म्हणून तुम्ही वाढवत होतात."

"मला ऐकू येत नाही?"

"उंच, बारीक आवाज येत नाहीत. डॉक्टरकडे चला म्हटलं की तुम्ही भांडायला उठता."

"म्हणून चोरून माझं काम बदलायचं?"

"आणि काम गेलं असतं म्हणजे? कोणाच्या तोंडाकडे बघितलं असतंत?"

मला वहिनीचा राग आला. निदान मला तरी सांगायचं होतं. दादाची कीव आली आणि ती त्याला दिसू नये म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले. वर्षभर लोकांनी ज्या आवाजाची वाहवा केली, त्यावर शेवटचा हात वहिनीचा होता. हे त्याला कळल्यावाचून राहिलं नसणार.

पण ऐकेल तर तो करंट कसला! "थांबा, आत्ताच सोक्षमोक्ष लावतो," म्हणत त्याने गिटार जोडली. वहिनीने ठेवला होता तेवढाच ट्रेबल ठेवून एक लहानसा तुकडा वाजवला. गोल, मऊ आवाज आला. मग त्याने बटण आपल्या जागी नेलं आणि तोच तुकडा पुन्हा वाजवला, डोळे मिटून, अगदी मन लावून.

"बघा! काडीचाही फरक नाही," तो म्हणाला. "दोघी मिळून मला वेड्यात काढताय."

आणि विजयी चेहऱ्याने तो आमच्याकडे वळला. आम्ही दोघींनी कान दाबून धरले होते.

दादाने तारांवर पंजा ठेवला. गिटार थांबली. जाड आवाज हळूहळू विरला, पण आवाज पुन्हा पुन्हा उमटवणारा इफेक्ट चालू होता आणि त्यात एक बारीक शिट्टी अडकून फिरत राहिली. दादा आमच्या हातांकडे बघत होता. ते खाली येत नव्हते.

"अजून वाजतंय?" त्याने विचारलं.

"हो," वहिनी म्हणाली. "वाजतंय."