निंदायची राहिलेली ओळ

आसेगावहून भाच्याचा फोन आला. “मामा, मायले पान लागलं...” आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. मी निघालो, पण शेलूबाजारला पोचेपर्यंत दुसरा फोन आला. माझी थोरली बहीण वच्छलाबाई गेली होती. कपाशीतल्या कमरेएवढ्या गवतात ती एकटीच खुरपीने तण काढत, निंदत होती.

एकटीच का, ते मला लिहायचं आहे, आणि राग आवरून लिहिणं जमणार नाही. तणनाशक फवारलं तरी न मरणारी कपाशी आमच्या भागात सर्रास पेरतात. तिला मंजुरी नाही म्हणून तिचं नाव चोरबीटी. बियाणं बिनानावाच्या पाकिटात, चोरून. निंदायला बाया मिळेनात तेव्हा वच्छलाबाईलाही ते हवं होतं. पण तिची खोड अशी, की आधी विचारायचं. कृषी खात्याच्या खरिपाच्या बैठकीत ती भर लोकांत उभी राहिली. “साहेब, हे पेरू का नको?” साहेब खाली बघत म्हणाले, “वर अजून ठरलेलं नाही, बाई.” “मंग ठरलं म्हंजे सांगा मले.” अख्खी बैठक हसली. पुढच्या खरिपाला तिने पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्यालाही. कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना... मी चिडायचो. “सारं गाव पेरून राह्यलं, तुलेच काय झालं?” ती म्हणायची, “तपासून राह्यले असतीन ना ते. घाई कायले करतं?”

ते बियाणं चांगलं की घातक, मला ठाऊक नाही. ते ठरवणं ज्यांचं काम, त्यांनी ठरवावं. घातक असेल तर गावभर पेरलं जातं तेव्हा तुम्ही कुठे असता? चांगलं असेल तर माझी बहीण त्या गवतात काय करत होती? तुमच्या उत्तराची वाट बघणारी गावात एकच बाई होती, आणि तीच गेली.

तेरवीनंतर वावरात गेलो. चहूकडची शेतं स्वच्छ, मधे आमच्या बाईचं रान माजलेलं. ओळीच्या मध्यावर तिची खुरपी पडली होती, मुठीला तिच्याच लुगड्याची चिंधी. मी तिथून पुढे निंदायला बसलो. शेजारचा संपत दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून म्हणाला, “कायले तरास घेता, भाऊ? पुढच्या साली माह्याकडून बियाणं न्या.”

“साहेबाले इचारून सांगतो,” मी म्हटलं.

तो हसला नाही. खुरपी मी घरी आणली आहे. खरिपाची बैठक लागली की ती साहेबांच्या टेबलावर ठेवून बाईचाच प्रश्न विचारणार आहे.