लाईट आली की बोलणारा डबा: प्रोसेसरसाठी अमरावती ते अकोला

अकोल्याला जायचं मी ठरवलं ते मे महिन्यातल्या एका दुपारी, लाईट आली तेव्हा.

आमच्याकडे सध्या दिवसातून दोनदा भारनियमन असतं, हे वाचणाऱ्यांपैकी वऱ्हाडातल्यांना सांगायला नको. पंखा फिरू लागला, फ्रीज थरथरला आणि आतल्या रिकाम्या खोलीतून आवाज आला, "आली पहा लाईट. चहा मांड."

हा आवाज माझ्या यजमानांचा. ते जाऊन आता दीड वर्ष होईल.

घाबरू नका. हे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि आमचा कॉम्प्युटर त्यांनी स्वतः जुळवला होता. लाईट गेली की तो बंद पडायचा, आली की कुणी हात न लावता सुरू व्हायचा, अशी सेटिंग त्यांनी आत करून ठेवली होती. सुरू होतानाचा ठरलेला आवाज काढून स्वतःचा घातला होता. तेव्हा आम्ही किती हसलो होतो. पुढे हे गेले आणि डबा बोलत राहिला. मी दर वेळी "मांडते" म्हणून उत्तर देते आणि खरंच आधण ठेवते. पुण्याहून मुलगी मुक्ता फोनवर म्हणते, "आई, हे बरं नाही. बंद कर ते." मला बंद करवत नव्हतं.

पण त्या दुपारी आवाज तुटक आला. "आली प... चहा..." आणि पडदा निळा. गेले काही महिने डबा तापत होता, अडकत होता. अमरावतीतल्या दुकानांत सगळ्यांचं एकच मत पडलं: काकू, हा टाका आणि नवा तयार सेट घ्या. तयार सेट मला नको होता. मी गेम खेळते. हो, या वयात. विमान उडवायचा एक खेळ आहे, त्यात हे उडवायचे आणि मी उतरवायची. हल्ली धावपट्टी आणि खालची घरं पडद्यावर आली की प्रोसेसरला झेपायचं नाही, चित्र थबकायचं. विमान ना वर, ना खाली, हवेत टांगलेलं. ते दृश्य मला रिकाम्या घरात बघवत नसे.

म्हणून नसीमला फोन केला. नसीम माझी कॉन्व्हेंटमधली बाकसोबतीण. अकोल्यात तिचं आणि तिच्या नवऱ्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, आणि सुटे भाग जोडण्याचं काम पहिल्यापासून तिच्याकडे. ती म्हणाली, "तुझा डबा घेऊनच ये. उघडून पायल्याशिवाय मी प्रोसेसर सांगत नाही."

सकाळी सातची एसटी पकडली. उन्हाळ्यात जाणार असाल तर हीच पकडा. अकोल्याला अडीच तास लागतात, तिकीट शंभराच्या आत, आणि खिडकीजवळ बसू नका, नऊनंतर पत्रा हात लावू देत नाही. डबा मी जुन्या चादरीत बांधून शेजारच्या सीटवर ठेवला. कंडक्टरने चादरीकडे पाहिलं.

"काकू, याचं तिकीट?"

"सामान आहे भाऊ."

"सामान खाली ठेवतेत. सीटवर बसलं का ते पॅसेंजर होते."

मागचे दोघं हसले. मी काढलं तिकीट. मला ते पटलंच.

बडनेऱ्याला आलूबोंडा घेतला, हिरव्या मिरचीसकट, आणि एक बाई चढली. जागा नव्हती म्हणून मी डबा मांडीवर घेतला आणि तिला बसवलं. तिच्याही मांडीवर चादरीत बांधलेलं काहीतरी होतं, सपाट, चौकोनी. मूर्तिजापूरपर्यंत आम्ही दोघी आपापलं गाठोडं धरून बसलो. मग तिनेच विचारलं.

"बाई, तुमच्या चादरीत काय हाये?"

"कॉम्प्युटर. दुरुस्तीला नेते."

"माह्याजवळ फोटो हाये. मालकाचा. अमरावतीहून मोठा करून आणला."

ती माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी तरी लहान होती. काय झालं, असं मी विचारलं नाही. आमच्या भागात हल्ली कुणी विचारत नाही.

तिने चादरीचं टोक उचलून दाखवलं. "स्टुडिओवाल्यानं कोट घालून देल्ला. टायबी लावला. त्याईनं जिंदगीत कोट नाही घातला वो." जरा हसली. मग बराच वेळ फोटोकडेच बघत म्हणाली, "आता पोरं वळखतीन का?"

काटेपूर्णेचा पूल ओलांडला. खाली नुसती वाळू. पुढे एका फाट्यावर ती उतरली. तिथे घर नव्हतं, झाड नव्हतं, काळं उघडं रान आणि त्यातून जाणारी पायवाट. गाडी निघाली तरी तिच्या काखेतली काच उन्हात चमकत होती. मी मान वळवून पाहत राहिले. ती दिसेनाशी झाली आणि काच मात्र चमकतच राहिली, जणू ती एकटीच चालत होती.

अकोल्यात स्टँडवरून ऑटो केला. दुकान जुन्या कापूस बाजारामागच्या गल्लीत आहे. बाजाराच्या आवारात चिटपाखरू नव्हतं, गेल्या हंगामातली सरकी कोपऱ्यात अडकली होती आणि वाऱ्यावर कापसाचे पुंजके जमिनीलगत सरकत होते.

"डबा बसमधून आणला? मले वाटलं गाडी करशील," म्हणत नसीमने मला पंख्याखाली बसवलं. पंखा बंद होता. अकोल्यातही लाईट गेलेलीच. सकाळची गिऱ्हाईकं उरकेपर्यंत दुपार झाली. तिचा नवरा नमाजला गेला होता, गल्ली झोपली होती. वर्गात इंग्रजीतच बोलायचं असा सिस्टरचा दंडक होता, म्हणून आम्ही दोघी बाकाखाली वाकून वऱ्हाडीत कुजबुजायचो. त्या दुपारी, का कोण जाणे, तशाच हळू आवाजात बोलत होतो.

तिने डब्याचं झाकण काढलं आणि दुकानभर वाळ्याचा वास पसरला. कूलरला लावलेल्या ओल्या वाळ्याचा, आमच्या घरातल्या मे महिन्याचा.

"या अल्ला. शैला, तुमी याले कूलरपुढं ठेवत होते का?"

"हे ठेवायचे. तापू नये म्हणून."

"दुल्हेभाई फिजिक्सवाले ना? अवो, कूलरची हवा ओली असते! माणसाले चालते, बोर्डाले नाही. पाय, समदं गंजलं." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "तू एकटी नाहीस. अर्धा अकोला हेच करून राहिला. मे महिन्यात माह्या दुकानात वाळ्याचाच वास."

आतून तिने वाळ्याच्या काड्या चिमट्याने वेचून काढल्या. मी त्या रुमालात बांधल्या.

डबा बोलतो हे तिला ऐकवायचं होतं, म्हणून तिने त्याला दुकानातला पडदा आणि स्पीकर जोडले, वायर प्लगमध्ये घातली आणि आम्ही लाईटची वाट पाहत बसलो. वाट पाहता पाहता तिने बोर्डावरचा बटणाएवढा सेल काढून मीटरवर धरला. काटा हललाच नाही.

"घड्याळ बरोबर दाखवते का हा?"

"नाही. दर वेळी एकाच जुन्या वर्षाच्या पहिल्या जानेवारीपासून सुरू होतो."

"मंग सेल लई दिवसाचा मेलेला हाये." तिच्या कपाळावर आठी पडली. "लाईट नसताना सेटिंग या सेलवर टिकते. सेल मेला का बोर्ड समदं विसरते. असा बोर्ड लाईट आल्यावर आपोआप सुरू होत नाही शैला. अन कोणी बटण दाबलं तरी पयले चूक दाखवून थांबते."

"पण होतो."

"तेच म्हणून राहिली. होवाले नाही पायजे."

सेल टेबलावर होता. डबा उघडा होता. तेवढ्यात लाईट आली.

बल्ब लागला, पंखा फिरला. नसीमने सवयीने बल्बकडे पाहून हात जोडले. शाळेत असताना आमच्या घरी दिवेलागणीला यायची, तेव्हापासूनची तिची ही सवय. तिचे हात तसेच जोडलेले राहिले, कारण टेबलावरचा उघडा डबा घरघरला, पडदा उजळला आणि सबंध, न तुटलेला आवाज आला.

"आली पहा लाईट. चहा मांड."

"मांडते," मी म्हटलं.

नसीमने सेल उचलून पुन्हा मीटरवर धरला. मग म्हणाली, "एखाद्या बोर्डाची कंपनीतूनच तशी घडण असू शकते." आणि थोड्या वेळाने, "असन तशी."

जेवायला तिने माझ्यासाठी वेगळं वांग्याचं भरीत आणि भाकरी केली होती. जेवून प्रोसेसर निवडायला बसलो. जे असा कॉम्प्युटर जुळवणार असतील त्यांच्यासाठी लिहिते. तिने दोन डब्या पुढे ठेवल्या. एक चार कोअरचा, म्हणजे चार मेंदूंचा, व्हिडिओचं काम झरझर उरकणारा, पण जास्त तापणारा. दुसरा दोनच कोअरचा, पण प्रत्येक कोअर जास्त वेगवान.

"तुले नेमकं करायचं काय?"

"विमान उतरवायचंय. आणि जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्यात. मुक्ताचं लग्न, यांचा निरोपसमारंभ."

"मंग दोनवाला घे. हे गेम एकाच कोअरवर जोर टाकतेत. कॅसेटले वेळ लागू दे, कॅसेट थांबते. विमान थांबत नाही. अन आपल्या उन्हाळ्यात कमी तापणारा बरा." प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि नवा डबा मिळून नऊ हजारांच्या आसपास गेले. तिने साबुदाण्याएवढी पांढरी पेस्ट प्रोसेसरवर ठेवली, वर पंखा बसवला, माझी जुनी डिस्क नव्या डब्यात लावली. सगळं जागच्या जागी आलं. त्यांचा आवाजही.

मग कीबोर्डवर हात ठेवून तिने विचारलं, "लाईट आली का आपोआप सुरू, हे नव्या बोर्डातबी करता येते. करू?"

यासाठीच तर मी आले होते. पण मला तो फोटो दिसला, कोट घातलेला. नव्या डब्यातून, नव्या सेटिंगने, मी सांगितलं म्हणून बोलणारे हे. टायसुद्धा लावलेले.

"नको," मी म्हटलं. "राहू दे बंद. सुरू होतानाचा यांचा आवाजही काढून बाजूला ठेव."

जुना डबा नसीमने ठेवून घेतला. आत जुना बोर्ड, जुना प्रोसेसर, डिस्क नाही. "पायते गंज निघते का," म्हणाली.

परतीच्या गाडीत नवा डबा खोक्यात होता आणि कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं नाही. तो फाटा आला तेव्हा मी पाहिलं. काही चमकत नव्हतं.

आता आठवडा झाला. विमान उतरतं. खालची घरं, रस्ते, झाडं सगळी दिसतात आणि काही थबकत नाही. चाकं टेकतात तेव्हा मी शेजारच्या खुर्चीकडे पाहते. लाईट येते तेव्हा आतली खोली गप्प असते. आवाज डिस्कवर आहे, हवा तेव्हा ऐकता येईल. अजून ऐकलेला नाही. हवा तेव्हा ऐकायचा म्हणजे तो यांनी मारलेली हाक राहत नाही. वाळ्याच्या काड्या मात्र देवघरात आहेत.

काल दुपारी नसीमचा फोन आला. तोच बाकाखालचा आवाज.

"शैला, आताच लाईट आली. तुझा जुना डबा चालू झाला. सेल नाही, डिस्क नाही. नुसता पंखा फिरून राहिला. बोलत काही नाही. वाट पायल्यासारखा वाटते. प्लग काढू का?"

फोनमधून मला ती घरघर ऐकू येत होती.

"नको काढू," मी म्हटलं. "तू चहा मांड."