टॅमसिन मागे पडते

कॅनडातल्या विनिपेगच्या गिटारवाल्यांइतकी पोकळ जमात मी दुसरी पाहिली नाही, आणि त्यातला पहिल्या नंबरचा पोकळ म्हणजे आमच्या बँडचा गायक, ब्रॉडी पेल्की. साधी कॉफी मागवायची तरी जगावर उपकार केल्यासारखा बोलायचा. त्याच्या डावीकडे उभा राहून मी बेस वाजवायचो. मागे ड्रमवर टॅमसिन वॉयनिक. अकरा वर्षं बँड चालला तो तिच्या जिवावर. आम्ही पुढे उभे राहून नुसते मिरवत होतो.

ती शिकली बापाच्या बँडमध्ये, जो लग्नांत वाजवायचा. युक्रेनी लग्नं, चर्चचं तळघर, पिरोगीच्या करंज्यांचा वास आणि पोल्का नाचणारी दोनशे माणसं. बाप म्हणायचा, "माझ्याकडे काय बघतेस? त्या म्हाताऱ्यांच्या पायांकडे बघ. ते अडखळले तर चूक तुझी." तेव्हा ती बारा वर्षांची होती. असल्या पोरीचा ठेका कसला हलतोय!

पण रॉकवाल्यांना हे सांगणार कोण? दर गावात एखादा दीडशहाणा भेटायचाच. "मुलीच्या मानाने बरं वाजवतेस हां!" कुणी विचारायचा, "तू यांच्यातल्या कुणाची गं?" उणे तीस थंडीत ती आपले ड्रम आपण उतरवायची, आणि आमचे राजेसाहेब गाडीत बसून घसा शेकायचे. शी!

तिसऱ्या रेकॉर्डच्या वेळी ब्रॉडीने टुमणं लावलं, "टॅम, तू मागे पडतेस. गाणं ओढल्यासारखं वाटतं." आमच्यात हा रिवाजच आहे. काहीही बिघडलं की खडे फोडायचे ड्रमरच्या नावाने.

"बरं," ती म्हणाली, "लावा क्लिक."

क्लिक म्हणजे यंत्राची टिकटिक, सगळ्यांच्या कानात एकसारखी. आम्ही वाजवलं, रेकॉर्डिंगवाल्याने परत ऐकवलं. टॅमसिनचा एकेक टोला टिकटिकीवर नेमका बसला होता. ब्रॉडी मात्र मागे कुत्रं लागल्यासारखा दर कडव्याला पुढे पळत होता.

ब्रॉडीने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "क्लिकच स्लो आहे."

यंत्र स्लो! पोट धरून हसायला हवं होतं. आम्ही हसलो नाही. उलट दुसऱ्या दिवशी, तिला ठेवायचं की काढायचं यावर मत घेतलं, तेही तिच्यासमोर. काढायचं म्हणून ब्रॉडीचा हात वर. कीबोर्डवाल्या नीलचा वर. तिचं मत धरून आम्ही चौघं; मी नाही म्हटलं तर दोन-दोन, आणि ती राहिली असती. ती माझ्याकडे बघत होती. तिची अकरा वर्षं माझ्या एका हातावर आली होती. मला सुचलं काय, तर ब्रॉडी चिडला तर उद्या मलाही काढेल. मी हात वर केला. पूर्ण नाही, कोपरापर्यंत. भेकडांचा तेवढाच जातो.

मग ब्रॉडीचा मेहुणा ड्रमवर आला. ब्रॉडी पळाला की हाही त्याच्यामागे पळायचा. एका पेपरवाल्याने त्याला 'बेफाम ऊर्जा' म्हटलं. ते लिहिणाऱ्या गाढवाची कीव येते. दोन वर्षांत लोकांनी नाचणं सोडलं, कारण पायच जुळेनात. तेव्हा कुठे ब्रॉडीच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तिला परत आणायला पाठवलं कुणाला? मला.

ती ब्रँडन गावी एका हॉलमध्ये दुपारची तालीम करत होती. दोघी बायका सोबतीला, आणि दारावरच्या पोस्टरवर तिचं नाव सगळ्यांत वर.

"ब्रॉडी म्हणतोय परत ये," मी म्हटलं. "झालं गेलं विसरून जाऊ."

"विसरायचं मीच, नाही का?" ती ड्रम ताणायची चावी पिळत म्हणाली. "एक सांग, लोगन. त्या दिवशी कोण पळत होतं, ते तुला ऐकू आलं होतं?"

अकरा वर्षं मी तिच्या ठेक्यावर बोटं ठेवून उभा होतो. तिच्याशी खोटं काय बोलणार?

"आलं होतं."

"वाटलंच," ती म्हणाली. "बहिरा असतास तर माफ केलं असतं रे."