दहा मिनिटं पुढे

आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. शाळेला उशीर होऊ नये म्हणून मीच ते मुद्दाम तसं लावलं. रविवारी माझ्या नववीतल्या लेकीला, सईला, घेऊन अभ्यासाचं वेळापत्रक आखायला बसले होते. मध्येच तिने घड्याळाकडे पाहिलं आणि तिचे ओठ किंचित हलले. ती दहा मिनिटं वजा करत होती.

तेव्हापासून मला चैन नाही. मी निघाले मुलीला वेळेची शिस्त लावायला, आणि भिंतीवर टांगलंय काय, तर खोटं घड्याळ! "अजून दहा मिनिटं आहेत गं आई," हे तिचं रोजचं पालुपद. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण ती दहा मिनिटं तिला दिली कोणी? आणि मी तरी काय वेगळं करते? सकाळचा दुसरा चहा मी त्याच दहा मिनिटांत पिते.

रात्रभर हेच डोक्यात घोळत राहिलं. सोमवारी उठल्याउठल्या स्टुलावर चढले आणि घड्याळ बरोबर लावलं. सईला बजावलं, "आजपासून हीच खरी वेळ." तिने मान डोलावली.

सात वाजता खाली शाळेच्या रिक्षाचा हॉर्न वाजला. सई दप्तर पाठीला अडकवून दारात उभीच होती. "आई, डबा?"

मी घड्याळाकडे पाहिलं. बरोबर सात. मग निवांतपणे शेवटची पोळी लाटायला घेतली आणि म्हणाले, "थांब गं, अजून दहा मिनिटं आहेत."