घर आणि सिरीज

वाटूर फाट्यावर आमचे शेजारी शेजारी दोन गाळे आहेत. एकात मी ब्लाऊज शिवते. दुसऱ्यात हे, म्हणजे माझे मिस्टर, पाण्याच्या मोटारी भरायचे. जळालेली मोटार खोलायची, काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी गुंडाळायची. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. तेव्हापासून त्या गाळ्याचं शटर बंद आहे. भाड्याने मागायला पुष्कळ जण येतात. मी सगळ्यांना बघू म्हणते, आणि काहीच बघत नाही.

भरलेली मोटार ह्यांनी कधी सरळ लाइनवर लावली नाही. भिंतीवर एक लाकडी पाटी होती, तिच्यावर शंभरचा एक बल्ब. तिला सिरीज म्हणायचे. मोटारीकडे जाणारा करंट आधी त्या बल्बातून जायचा. आत कुठे शॉर्ट राहिला असला तर बल्ब भपकन पेटायचा, एवढंच. दुकानाचा फ्यूज शाबूत राहायचा.

क्रिप्टोचं खूळ ह्यांना लॉकडाऊनमध्ये लागलं. मी टोचून बोलायला कमी केलं नाही. लोक सोन्यात पैसे घालतात, जमिनीत घालतात, आमच्या ह्यांना डोळ्यांना न दिसणारी नाणी सापडली. पण गिऱ्हाईक नसलं की हे फोन घेऊन त्यात शिरायचे, आणि पन्नाशीला आलेला माणूस शाळकरी पोरासारखा काहीतरी शिकतो आहे हे बघायला मला फार आवडायचं. तसं कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

ही नाणी फोनमधल्या पाकिटात राहतात, त्याला वॉलेट म्हणायचं. एकदा त्या वॉलेटमध्ये कुठलीशी अनोळखी नाणी आपोआप येऊन पडली. हे मूळचे जांब समर्थचे, देवळाच्या सावलीत वाढलेले. समोर आलेल्या प्रसादाला नाही म्हणायचं नाही, निदान एक कण तरी तोंडात टाकायचा, हे अंगात मुरलेलं. ती नाणीही ह्यांनी तशीच हात पुढे करून घेतली. सोबतच्या लिंकवर गेले, परवानगी मागितली तिथे बोट टेकवलं. चहा गार व्हायच्या आत वॉलेट झाडूनपुसून रिकामं झालं.

दोन दिवस हे कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दोन नवी वॉलेट काढली. जे साठवायचं ते ज्यात ठेवायचं, त्याला नाव दिलं ‘घर’. दुसरं रिकामं, त्याचं नाव ‘सिरीज’. मग मला मशीनवरून उठवून समोर बसवलं.

“फुकटचं काही आलं की आधी सिरीजवर लावायचं. बल्ब पेटला तर पेटू दे, घराचा फ्यूज उडाया न्हाई पाहिजे. अन् ते बारा शब्द कुणालाच सांगायचे न्हाईत. बिलकुल न्हाई. देव मागाया आला तरी.”

बारा शब्द म्हणजे वॉलेटची किल्ली. मी म्हटलं, देव कशाला मागेल, त्याला ठाऊकच असतील. त्यावर हे दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. दोन्ही वॉलेटांचे वेगवेगळे बारा शब्द ह्यांनी वाइंडिंगच्या वहीत, तारेच्या नंबरांच्या मागच्या पानांवर लिहिले, आणि वही माझ्या शिलाईच्या पेटीत तळाला गेली.

हे गेल्यावर ह्यांचा फोन मी चार्ज करत राहिले. रोज वॉलेट उघडायचं आणि ‘घर’ हा शब्द बघायचा. ह्यांच्या तार लागून चिरलेल्या बोटाने टाइप केलेला. पैशाची ओढ नव्हती असं कशाला म्हणू, लेक अजून शिकते आहे. पण त्याहून जास्त ओढ त्या शब्दाची होती. ते घर लुटलं गेलं असतं तर ह्यांच्या हातचं शेवटचं काही माझ्याकडे राहिलं नसतं.

यंदाच्या उन्हाळ्यात ह्यांच्या फोनवर मेसेज आला. हे ज्या साइटवर व्यवहार करायचे, तिच्या जुन्या लोकांना फुकट नाणी मिळणार होती, आठवड्याच्या आत घ्यायची होती. वाचताना मी बंद शटरकडे तोंड करून हाक मारणारच होते.

मग लेकीला फोन लावला. ती संभाजीनगरला नर्सिंग शिकते. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, “मम्मी, पप्पा काय सांगून गेल्ते?”

मेसेजमधल्या लिंकला मी हात लावला नाही. त्या साइटचा पत्ता ह्यांनी वहीत लिहून ठेवला होता, तो एकेक अक्षर बघत टाइप केला. बातमी खरी निघाली. आधी सिरीज लावून पाहिलं. साइट म्हणाली, ह्या वॉलेटचा हक्क नाही. ह्यांनी पूर्वी ज्या वॉलेटवरून व्यवहार केले, त्यालाच ती नाणी मिळणार होती, आणि ते व्यवहार घरातून झालेले. म्हणजे घरच लाइनवर लावायचं होतं.

तीन दिवस त्याच विचारात होते. एका बाईच्या ब्लाऊजला बाही उलटी लावून बसले. ती उसवता उसवता सुचलं. आतलं सगळं आधी दुसरीकडे हलवलं तर घरच सिरीज होतं. हे असते तर म्हणाले असते, शिंपीण वायरमन झाली.

माझ्या फोनवर नवं वॉलेट काढलं. बारा शब्द पेन्सिलने कागदावर लिहिले, फोटो काढला नाही, लेकीलाही सांगितले नाहीत. मग व्यवहाराच्या फीपुरतं मागे ठेवून घरातलं सगळं इकडे आणलं. हे गेले तेव्हा घरात इतकी माणसं होती की मला धड रडता आलं नव्हतं. ते रडणं त्या दुपारी मशीनवर बसून झालं.

मग रिकामं घर साइटवर लावलं, परवानगी मागितली तिथे बोट टेकवलं. फुकटची नाणी आली. तीही नव्या वॉलेटमध्ये हलवली. उरलंसुरलंही हलवलं. घरात शून्य उरलं.

लेक म्हणाली, त्या साइटला परवानगी देऊन झाली, आता जुन्यात काही ठेवायचं नाही, ते वॉलेटच काढून टाक. तिचं बराबर होतं. पण आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मी घरात चिमूटभर परत पाठवलं.

कुणी उचलून नेईल, हे मला कळतं. सकाळी माझ्या गाळ्याचं शटर वर केलं की आधी ह्यांचा फोन बघते. आजपर्यंत चिमूट जागेवर आहे. हे असते तर रागावले असते, सांगून सांगून शेवटी घरच लाइनवर ठेवलंस म्हणून. रागवावं. एकदा येऊन मनसोक्त रागवावं, मी एका शब्दाने उलटून बोलणार नाही.